मायने : मराठी पत्रव्यवहारातील शिष्टाचार

पत्राच्या आरंभी, ज्यास पत्र लिहावयाचे त्याचे वय, नाते, पद व प्रतिष्ठा यांस अनुसरून केलेला गौरवपर उल्लेख व अभिवादन यांस ‘मायना’ म्हणतात. हा शब्द अरबी असून ‘अर्थ, आशय’ या मूळ अर्थापासून दूर जाऊन तो मराठीत या विशिष्ट अर्थाने स्थिरावला. पत्राच्या शेवटी येणारे विनंतीचे, आशीर्वादाचे वा समाप्तीचे शब्दही मायन्याशी निगडित असतात. लिहिणारा व वाचणारा यांचे परस्परनाते मजकुरापूर्वीच ठरवावे लागत असल्याने मायना हा केवळ लेखनालंकार राहत नाही. ती परस्परांच्या सामाजिक स्थानाची लेखी कबुली ठरते. मराठी समाजातील सौजन्याच्या कल्पना आणि त्यांत मुरलेला उच्चनीचभाव या दोहोंचा इतिहास म्हणूनच मायन्यांतून वाचता येतो.

या विषयाचे मर्म सांगणारी एक कथा वारकरी परंपरेत प्रसिद्ध आहे. वयोवृद्ध योगी चांगदेव यांनी ज्ञानेश्वरांस (१२७५–९६) पत्र लिहिण्याचे योजिले; परंतु वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, की ज्ञानाने श्रेष्ठ म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावे, याचा निर्णय न झाल्यामुळे त्यांनी कोराच कागद पाठविला. त्याचे उत्तर म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पासष्ट ओव्यांचे चांगदेव पासष्टी हे प्रकरण. कथेची ऐतिहासिकता कशीही असो, मायना ठरल्यावाचून मजकुराचा आरंभच होऊ शकत नाही, हा लोकमानसातील समज तीतून स्पष्ट होतो.

पत्रांचे व दस्तऐवजांचे नमुने संग्रहित करण्याची प्रथा मराठी राज्याहून पुष्कळ जुनी आहे. गुजरातेतील लेखपद्धति हा अशा नमुन्यांचा संस्कृत संग्रह १९२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. राजाने सामंतास, पुत्राने पित्यास वा शिष्याने गुरूस कसे लिहावे, याचे दंडक अशा संग्रहांतून मिळत. बहमनी व पुढे निजामशाही-आदिलशाही राजवटींत या परंपरेवर फार्सी दरबारी पद्धतीचा दाट संस्कार झाला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापूर्वीच्या पत्रांतही ‘अजरख्तखाने’, ‘दाम दौलतहू’, ‘बिदानद’ असे फार्सी शब्दप्रयोग व शुहूर सन आढळतात. राज्याभिषेकानंतर (१६७४) ‘स्वस्ति श्री राज्याभिषेक शके’ असा आरंभ व ‘क्षत्रियकुलावतंस’ हे बिरुद रूढ झाले. पत्राच्या शेवटी उमटविल्या जाणाऱ्या ‘मर्यादेयं विराजते’ या मुद्रेने मजकुराची सीमा दाखविली जाई. रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय देताना लेखनविषयक शब्दांसाठी स्वतंत्र वर्ग योजिला होता, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. वि. का. राजवाडे यांनी १६२८, १६७७ व १७२८ या वर्षांच्या पत्रांतील शब्दांची मोजणी करून मराठी शब्दांचे प्रमाण शेकडा सु. १४ वरून सु. ६२ व पुढे सु. ९३ पर्यंत वाढल्याचे दाखविले. राज्यकर्त्यांच्या धोरणाबरोबर पत्रभाषा, आणि तिच्याबरोबर लेखी शिष्टाचारही कसा पालटला, याचे हे गमक होय.

पेशवेकाळात मायन्यांची व्यवस्था अत्यंत रेखीव झाली. बरोबरीच्या वा मान्य गृहस्थास ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’, विद्वान ब्राह्मणास ‘वेदशास्त्रसंपन्न’, पित्यास ‘तीर्थरूप’, पुत्रास ‘चिरंजीव’ असे आरंभ होत. त्यानंतर ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’ असे वाक्य व मग ‘विशेष’ या शब्दाने प्रत्यक्ष मजकुरास प्रारंभ होई. शेवटी वडीलधाऱ्यांस ‘हे विज्ञापना’, समानांस ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे’, तर हाताखालच्यांस नुसते ‘जाणिजे’ पुरे होई. सत्ता हाती असलेला पेशवाही मुद्रेत स्वतःस छत्रपतींचा प्रधान म्हणवी. महादजी शिंदे १७९२ मध्ये उत्तरेतून पुण्यास आले, तेव्हा पेशव्यांच्या दरबारात त्यांनी स्वतःस ‘पाटील’ म्हणवून पादत्राणे सांभाळण्याचा सेवकभाव प्रकट केला, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. उत्तर हिंदुस्थानातील सर्वांत प्रबळ सरदाराची ही नम्रता म्हणजे शिष्टाचाराचा राजकीय उपयोग होय. नम्रतेची भाषा आणि वास्तव बळ यांत अंतर असू शकते, हे दोन्ही पक्ष जाणून होते.

अभिवादनाचे शब्दही जातीनुसार वाटलेले होते. ब्राह्मणांत परस्परांस ‘नमस्कार’, ब्राह्मणाकडून इतरांस ‘आशीर्वाद’, इतरांकडून ब्राह्मणास ‘दंडवत’, मराठ्यांत परस्परांस ‘रामराम’ आणि महारांच्या वाट्यास ‘जोहार’ अशी सामान्यतः विभागणी होती. तिच्या उल्लंघनाकडे अविनय म्हणून नव्हे, तर अपराध म्हणून पाहिले जाई. सोनार समाजाने ‘नमस्कार’ हा अभिवादनप्रकार वापरण्याचा प्रश्न पुणे दरबाराने ईस्ट इंडिया कंपनीकडेही नेला व ऑगस्ट १७७९ मध्ये कंपनीच्या मुंबई सरकारने सोनारांना तो वापरण्यास मनाई करणारा आदेश काढला. एका शब्दासाठी दोन राजसत्तांनी लक्ष घालावे, यावरून त्या शब्दात किती प्रतिष्ठा साठविलेली होती, हे दिसून येते.

या व्यवस्थेस पर्यायही मराठी समाजातच निर्माण झाले. वारीत भेटलेल्या कोणासही ‘माउली’ म्हणावे व परस्परांच्या पाया पडावे, या वारकरी प्रघातात थोर कोण व लहान कोण हा प्रश्नच बाजूस सारलेला असतो. चोखामेळा यांच्या अभंगांत व एकनाथांच्या (सु. १५३३–९९) भारुडांत ‘जोहार’ हा हीनतेचा शब्द आध्यात्मिक निवेदनासाठी योजिला आहे. मात्र भक्तीच्या क्षेत्रातील ही समता गावगाड्यात उतरली नाही. विसाव्या शतकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीने ‘जोहार’ नाकारून ‘जय भीम’ हे अभिवादन स्वीकारले. त्याच्या प्रसाराचे श्रेय कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास (१९०४–३९) यांस दिले जाते. ज्यांना अभिवादनाचा शब्द इतरांनी नेमून दिला होता, त्यांनी तो स्वतः निवडला, हे या बदलाचे महत्त्व होय.

स्त्रियांच्या मायन्यांत वैवाहिक स्थितीचा निर्देश अपरिहार्य मानला जाई. सधवेस ‘सौभाग्यवती’ (सौ.) व विधवेस ‘गंगाभागीरथी’ (गं. भा.) लिहीत. पुरुष विवाहित, अविवाहित वा विधुर असला, तरी त्याच्या मायन्यावर त्याचा परिणाम होत नसे. आदरासाठी योजिलेला ‘गं. भा.’ हा संक्षेप त्यामुळे व्यवहारात वैधव्याची जाहीर खूण ठरला. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ या शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द योजण्याचा विचार मांडला, तेव्हा त्यावर तीव्र टीका झाली. मायन्यातील सूक्ष्म अर्थ अद्याप पुसले गेलेले नाहीत, याची साक्ष या वादाने दिली.

एकोणिसाव्या शतकात टपालव्यवस्थेमुळे पत्रलेखन दरबाराबाहेर पडून सामान्य कुटुंबात पोहोचले. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले. त्याच्या मर्यादित जागेत मोडी लेखनातील संक्षेपाची जुनी सवय उपयोगी पडली आणि ‘ती.’, ‘चि.’, ‘रा. रा.’, ‘सा. न. वि. वि.’ (साष्टांग नमस्कार विनंती विशेष) ही अक्षरे घरोघरी परिचित झाली. शुभकार्याच्या पत्रास कुंकू लावावे, तर मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या पत्रावर ‘श्री’ लिहू नये व ते वाचून फाडून टाकावे, असे संकेतही पाळले जात. शालेय पुस्तकांतून मायन्यांचे तक्ते मुलांकडून पाठ करून घेतले जात.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर (१९६०) मराठी ही राजभाषा झाल्यावर शासकीय पत्रांत ‘महोदय’ व ‘आपला विश्वासू’ ही सुटसुटीत रूपे स्थिरावली. ‘आज्ञाधारक सेवक’ यासारखी रूपे मागे पडली. जातिवाचक मायने लुप्त होऊन ‘श्री.’ व ‘श्रीमती’ ही सर्वसामान्य उपपदे रूढ झाली. दूरध्वनी व संगणकीय संदेश यांमुळे दीर्घ मायने आता बहुधा लग्नपत्रिकांपुरते उरले आहेत. तथापि समोरच्यास ‘तू’ म्हणावे, ‘तुम्ही’ म्हणावे की ‘आपण’, हा निर्णय प्रत्येक मराठी भाषकास आजही तोंड उघडण्यापूर्वीच करावा लागतो. चांगदेवांच्या कोऱ्या कागदामागील पेच त्या रूपाने कायम आहे.