पाताळातले फूल

बांडगूळ आणि अमरवेल आपण विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. दोन्ही फांद्यांवर वाढतात, त्यामुळे सहज दिसतात. पण झाडांच्या मुळांवर, जमिनीत दडून वाढणारी परोपजीवी वनस्पती कशी ओळखावी? न्यूझीलंडच्या जंगलातील डॅक्टिलँथस ही अशीच एक वनस्पती आहे.

माओरी लोकांना ती पूर्वीपासून ठाऊक होती. ‘पुआ ओ ते रेइंगा’, म्हणजे पाताळातले फूल, असे ते तिला म्हणत. १८४५ साली रिचर्ड टेलर या मिशनऱ्याला ती आढळली. १८५९ साली जोसेफ हूकर यांनी तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि टेलर यांचे नाव तिच्या नावात जोडले.

या वनस्पतीला हरितद्रव्य नाही आणि स्वतःची मुळेही नाहीत. झाडाच्या मुळावर तिची गाठ वाढते. त्या जागी मुळाचे लाकूड पसरते, त्याला चुण्या पडतात आणि ते उमललेल्या गुलाबासारखे दिसू लागते. गाठ उकळून काढली की हा ‘लाकडी गुलाब’ हाती येई. शोभेची वस्तू म्हणून तो विकला जाई. वनस्पती मात्र त्यात नष्ट होई.

गुलाबाला गिऱ्हाईक होते. खऱ्या फुलाचे काय? ते जमिनीलगत उमलते. त्याला उग्र वास असतो आणि मधुरस भरपूर असतो. त्याचे पराग कोण वाहून नेते, हे १९९०च्या दशकात रात्रीच्या चित्रीकरणातून उलगडले. तो पाहुणा होता आखूड शेपटीचे वटवाघूळ! हे वटवाघूळ जमिनीवर चालत अन्न शोधते. पुढे २०१२ साली काकापो या न उडणाऱ्या पोपटाच्या जुन्या विष्ठेतही या फुलाचे परागकण सापडले. म्हणजे पूर्वी तोही या फुलांवर येत असावा. आज काकापो त्या जंगलांत उरलेला नाही आणि वटवाघळेही कमी झाली आहेत.

त्यात भर पडली पोसमची. एकोणिसाव्या शतकात कातड्यांच्या व्यापारासाठी ऑस्ट्रेलियातून आणलेला हा प्राणी फुलेच खाऊन टाकतो. म्हणून डॅक्टिलँथसवर जाळीचे पिंजरे बसवतात. काही ठिकाणी परागीभवनही हातानेच करतात.

पिंजऱ्याने फूल वाचते, पण त्याचा रात्रीचा पाहुणा वाचत नाही. परोपजीवी वनस्पती शिकवताना फळ्यावर यजमान झाडाचे मूळ आपण काढतोच. त्याच चित्रात हे वटवाघूळ कोठे काढायचे, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.