केसांना येणारा निरोप

कंगव्यात चार केस दिसले की आपण तेल बदलतो, साबण बदलतो, नाहीतर गावच्या पाण्याला दोष देतो. निरोगी माणसाचेही रोज ५० ते १०० केस गळतात, हे ठाऊक असूनही मनाला पटत नाही. केसालाही ऋतू असतात. डोक्यावरचा केस काही वर्षे वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याचे मूळ आकसते, तीनेक महिने तो नुसता थांबतो आणि मग गळतो. १९२६ साली एफ. डब्ल्यू. ड्राय या इंग्रज शास्त्रज्ञाने उंदरांची लव न्याहाळून या अवस्थांना अ‍ॅनाजेन, कॅटाजेन आणि टेलोजेन अशी नावे दिली. हे ऋतू बदलतो कोण, हे मात्र अनेक दशके कोडेच होते.

१९६०च्या दशकात रॉय ऑलिव्हर यांनी उंदराच्या मिशीचे मूळ खालून कापले आणि तेथे दुसऱ्या मुळातला पेशींचा इवलासा गोळा ठेवला. मिशी पुन्हा उगवली! म्हणजे निरोप त्या गोळ्यातून सुटत होता. तो ऐकणाऱ्या मूळपेशी केसाच्या मुळातच, पण थोड्या वर, दडून असतात, हे १९९० साली दिसले.

निरोपाचे नाव ‘विंट’. या नावाची कथा मला फार आवडते. १९७३ साली भारतातील आर. पी. शर्मा यांनी बिनपंखी फळमाशीची नोंद केली. त्या दोषाचे नाव ‘विंगलेस’. १९८२ साली अमेरिकेत नुसे आणि व्हार्मस यांना उंदराच्या स्तनांतील कर्करोगात ‘इंट-१’ हे जनुक सापडले. १९८७ मध्ये कळले, दोन्ही एकच! दोन्ही नावे जोडून ‘विंट’ झाले.

‘ऊठ’ म्हणणारा विंट, ‘अजून थांब’ म्हणणारा बीएमपी आणि ‘आता पुरे’ म्हणणारा एफजीएफ-५. १९९४ साली हा ‘पुरे’ म्हणणाराच काढून टाकला, तेव्हा उंदरांचे केस अंगोरा सशासारखे लांबले.

२०११ साली टक्कल पडलेल्या माणसांची कातडी तपासली. मूळपेशी जवळजवळ तेवढ्याच होत्या. त्यांच्यापासून पुढे घडणाऱ्या पेशी मात्र रोडावल्या होत्या. बी शाबूत, अंकुर नाही. मग हा ‘ऊठ’चा निरोप बाटलीत भरून का विकत नाहीत? शिकागोत एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेने १९९८ मध्ये उंदरांच्या कातडीत तो निरोप कायमचा चालू ठेवला होता. जिथे मुळे नव्हती तिथे नवी मुळे फुटली, अंगभर दाट लव आली. आणि पुढे त्याच मुळांच्या गाठी होऊ लागल्या.