मिरजेचा पामेरियन

माझ्या लहानपणी मिरजेत पांढऱ्याशुभ्र, झुपकेदार शेपटीच्या कुठल्याही कुत्र्याला एकच नाव होतं: पामेरियन. जीभ वळणारे पॉमेरेनियन म्हणत. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक सगळे इंडियन स्पिट्झ होते.

खऱ्या पॉमेरेनियनचं नाव बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनियावरून आलं. हा प्रदेश आज जर्मनी आणि पोलंडमध्ये विभागलेला आहे. तिथले हे कुत्रे पूर्वी चांगले थोराड असत. १८८८ मध्ये फ्लॉरेन्सला गेलेल्या राणी व्हिक्टोरियानं मार्को नावाचा एक लहान पॉम आणला आणि इंग्लंडात बुटक्या पॉमची हौस वाढली. आजचा पॉमेरेनियन दोन-तीन किलोंचा.

स्पिट्झ कुळातले कुत्रे ब्रिटिशांबरोबर इकडेही आले. इथल्या उन्हात टिकणारी पिल्लं पुढे वाढली आणि त्यातून अंगानं मोठा, लांबट तोंडाचा कुत्रा तयार झाला. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला स्वतंत्र जात मानतो. परदेशी कुत्रे आणणं अवघड होतं त्या काळात, म्हणजे ऐंशी-नव्वदच्या दशकांत, मध्यमवर्गीय घरांत तोच शिरला. चपाती-दूध खाई, दोन खोल्यांत मावे आणि दारावरच्या घंटेआधी भुंके. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' आला. निशानं प्रेमसाठी दिलेली चिठ्ठी भलत्याच्याच हातात नेऊन देणारा टफी याच जातीचा. पण त्यालाही लोक पॉमेरेनियनच म्हणाले.

नावाची ताकद किती, हे ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये दिसलं. हवाईतल्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी होती. म्हणून वॉली कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि पूडलचा संकर केला. पिल्लं गुणी निघाली, पण 'क्रॉस' म्हटल्यावर त्यांना सांभाळायला कुणी पुढे येईना. कॉनरन यांनी 'लॅब्राडूडल' हा शब्द काढला, आणि तेच लोक रांगेत उभे राहिले. पुढे पिल्लांचा असा बाजार झाला की कॉनरन यांनी स्वतःच पश्चात्ताप बोलून दाखवला.

तिकडे संकराला नवं नाव मिळालं, इकडे आपल्या कुत्र्याला उसनं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं तरी प्रोग्रॅम चालतो. घोटाळा होतो तो पुढे कुणी त्यात बदल करायला बसतो तेव्हा. स्पिट्झचं तेच झालं. मिरजेहून शंभरेक किलोमीटरवरच्या मुधोळच्या शिकारी कुत्र्याला घोरपडे संस्थानिकांचा आधार होता. त्याच्यावर २००५ मध्ये टपाल तिकीटही निघालं. स्पिट्झला मात्र आपलं म्हणणारं कुणी नव्हतं. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत पग आला, मग लॅब्राडोर, हस्की. स्पिट्झ 'जुन्या फॅशनचा पॉम' ठरून मागे पडला.

याची किंमत कुत्रेच मोजतात. पगचं नाक इतकं आखूड की मिरजेच्या मे महिन्यात त्याला धड श्वास घेता येत नाही, आणि हस्की तर बर्फातला. या हवेत पिढ्यान्‌पिढ्या निभावलेला कुत्रा आपल्याच गल्लीत होता. पिल्लू घेताना आपण 'ओरिजिनल आहे का?' असं विचारतो. 'इथल्या उन्हात सुखानं राहील का?' हे आधी विचारायला हवं.