कॉर्बेट यांची रायफल इतकी साधी का दिसते?

२०१६ साली लंडनहून एक जुनी रायफल काही दिवसांसाठी कुमाऊंमध्ये आली. जिम कॉर्बेट यांचे हिवाळी घर जिथे आज संग्रहालय म्हणून उभे आहे, त्या कालाढुंगीच्या परिसरात ती लोकांना पाहायला मिळाली. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला १९०७ साली मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी ती कॉर्बेट यांना भेट दिली होती. दस्त्यात बसवलेल्या चांदीच्या छोट्या पट्टीवर तसे कोरलेले आहे. त्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. मात्र ती या रायफलीने मेली नाही, हे विसरू नये. कॉर्बेट यांच्या हाती त्या दिवशी दुसरीच, ०.५०० इंची रायफल होती. तिची काडतुसे संपली आणि शेवटची गोळी त्यांनी तहसीलदाराची बंदूक मागून घेऊन झाडली. ही रायफल त्यानंतरची.

तिची छायाचित्रे मी प्रथम पाहिली तेव्हा थोडी निराशाच झाली. ना सोन्याचे काम, ना नक्षीत कोरलेले वाघ-हत्ती. अक्रोडाचा गडद दस्ता, निमुळती होत जाणारी काळी नळी, खाली वळलेली बोल्टची मूठ. तरीही 'अभिजात शिकारी रायफल' म्हटले की जगभरच्या जाणकारांच्या डोळ्यांसमोर नेमके हेच रूप येते. मी आयुष्यात एकदाही बंदूक चालवलेली नाही, चालवण्याची इच्छाही नाही. पण एखादी वस्तू 'अभिजात' का वाटते, हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने सौंदर्यशास्त्रावर सोपवून मोकळे व्हावे असे मला वाटत नाही. या रूपातील बऱ्याच रेषा बल, उष्णता आणि ऑक्सिडीकरण यांनी आखलेल्या आहेत. उरलेल्या कोणी आखल्या, तेही पाहण्यासारखे आहे.

आरंभ जर्मनीत होतो, आणि तोही शिकारीच्या नव्हे तर युद्धाच्या गरजेतून. पाउल माउझर यांनी अनेक वर्षे सुधारत आणलेली रचना जर्मन लष्कराने ५ एप्रिल १८९८ रोजी स्वीकारली. धूरविरहित दारू नुकतीच आली होती आणि नळीतील दाब तीन हजार वातावरणांच्या पुढे गेला होता. काडतुसाच्या बुडाचे क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस सेंटिमीटर. त्यावर इतका दाब म्हणजे बोल्टला मागे ढकलणारे बल अडीच ते तीन टन वजनाइतके. आणि बोल्टच्या मागे, वीतभर अंतरावर, माणसाचा डोळा. माउझर यांनी बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम कान ठेवले. मूठ खाली दाबली की बोल्ट पाव फेरा फिरतो आणि हे कान नळीच्या लगतच्या खोबणीत अडकतात, म्हणजे बल जिथे उपजते तिथेच ते पेलले जाते. मागे मुठीजवळ तिसरा कान राखीव. पुढचे दोन्ही तुटले तरच त्याने काम करायचे. काडतूस फाटलेच तर वायूला बाजूने वाट काढून देणारी छिद्रे, आणि उरलेला झोत डोळ्यावर येऊ नये म्हणून मागे एक रुंद कडे. बोल्टच्या अंगाला लांब, चपटा पोलादी आकडाही आहे. मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कडा तो लगेच पकडतो आणि रिकामे टरफल बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. बंदूक आडवी असो की उलटी, काडतूस कुठे आहे याचा प्रश्नच येत नाही. आज 'जुन्या पद्धतीची' रायफल ओळखताना जाणकार प्रथम तो आकडा शोधतात.

ही रचना इतकी पक्की ठरली की अमेरिकेने आपल्या १९०३ च्या लष्करी रायफलीत तिचे अनेक भाग उचलले आणि त्यापोटी माउझर कंपनीला दोन लाख डॉलर स्वामित्वशुल्क मोजले.

लंडनचे बंदूककार जॉन रिग्बी हे एन्फील्ड येथील सरकारी शस्त्रकारखान्याचे अधीक्षक राहिलेले गृहस्थ. लष्करी रायफल कशी घडते हे त्यांनी आतून पाहिले होते. शतक बदलण्याच्या सुमारास त्यांच्या पेढीने ब्रिटनमध्ये माउझर यंत्रणा विकण्याचे हक्क मिळवले आणि तिच्याभोवती शिकारी रायफली बांधायला सुरुवात केली. त्या काळी भारतात येणारे बडे साहेब आणि संस्थानिक दोन नळ्यांची रायफल वापरत. तिच्या दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी मारा करतील अशा जुळवण्याचे काम महिनोन्‌महिने चाले आणि किंमतही तशीच असे. बोल्टची रायफल त्या मानाने स्वस्त, जंगलखात्याच्या नोकरदाराला किंवा चहामळ्याच्या व्यवस्थापकाला परवडणारी. मोकामा घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार करून घेणारे कॉर्बेट याच वर्गातले. आज लिलावात जिच्यासाठी बोली लागते ती अभिजात रायफल तिच्या जन्मकाळी परवडणारा पर्याय होती आणि तिचे हृदय लष्करी कारखान्यातून आले होते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

लंडनच्या कारागिरांनी या लष्करी यंत्रणेला आपल्या छऱ्याच्या बंदुकांचे संस्कार दिले. सैनिकी रायफलीचा दस्ता नळीच्या टोकापर्यंत जाई, कारण सैनिकाला संगीन लावायची असे आणि तापलेली नळी हातात धरायची असे. शिकाऱ्याच्या दोन-तीन गोळ्यांनी नळी तेवढी तापत नाही. म्हणून पुढचे लाकूड अर्ध्यावर कापले गेले. कापलेल्या टोकाशी लाकडाच्या नलिका उघड्या पडतात आणि तिथून पाणी शिरते. तिथे म्हशीच्या शिंगाचा किंवा आबनुसाचा तुकडा बसवण्याची रीत पडली. शोभेचा वाटणारा तो काळा शेंडा ओलाव्याला अडवणारे बूच म्हणूनही कामाचा आहे. मनगटाशी कोरलेली बारीक चौकड्यांची जाळी घामट हात सरकू नये म्हणून. गंमत अशी, की जाळी जितकी बारीक तितकी ती देखणी, पण पकड मात्र कमी. इंचाला वीस-बावीस रेघांच्या पुढे कारागीर आपले कौशल्य दाखवत असतो, शिकाऱ्याची सोय पाहत नसतो.

दस्त्याच्या रेषेचा हिशेब तर शाळेतल्या संवेग-अक्षय्यतेने मांडता येतो. कॉर्बेट यांच्या रायफलीचे काडतूस ०.२७५ रिग्बी, म्हणजे माउझर यांचेच ७ मिलिमीटरचे काडतूस इंग्रजी नावाने. गोळी सुमारे ९ ग्रॅम, वेग सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास. गोळीचा संवेग साधारण ७.४ एकक. गोळीमागोमाग सुटणाऱ्या वायूचा ३ ते ४ धरू. सुमारे साडेतीन किलोची रायफल मग सेकंदाला ३ मीटरहून थोड्या अधिक वेगाने मागे येते. ऊर्जा १७-१८ ज्यूल. खांद्याला हे सहज सोसते. पण हा धक्का येतो नळीच्या अक्षावरून आणि त्याला अडवणारा खांदा असतो त्या अक्षाच्या खाली. दोन बलांमध्ये अंतर पडले की फिरवणारा परिणाम आलाच: नळी वर उसळते आणि दस्त्याची वरची कड गालावर आदळते. दस्ता जितका खाली झुकलेला तितके हे अंतर मोठे. उघड्या खुणांवरून नेम धरताना डोळा नळीलगत आणावा लागे, म्हणून जुने दस्ते बरेच झुकलेले असत. पुढे दुर्बीण आली, नजरेची रेषा वर सरकली आणि दस्त्याला सरळ होण्याची मोकळीक मिळाली. ज्या सरळ, शांत रेषेला आज अभिजात म्हणतात ती भौतिकीदृष्ट्या धक्का सरळ मागे नेणारी रेषा आहे.

काळ्या रंगाचीही अशीच कथा. आपण ज्याला गंज म्हणून हिणवतो त्याच्याच साहाय्याने ही नळी गंजापासून वाचवतात. घासून स्वच्छ केलेल्या पोलादावर सौम्य आम्लयुक्त द्रव लावून दमट जागी ठेवायचे. तांबूस गंजाचा पातळ थर चढतो. मग नळी उकळत्या पाण्यात सोडायची: तांबूस ऑक्साइडचे रूपांतर काळ्या मॅग्नेटाइटमध्ये होते. वरची सुटी भुकटी तारेच्या मऊ ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. अशी अनेक आवर्तने झाली की चकाकी नसलेला, किंचित निळसर झाक असलेला खोल काळा रंग येतो. हा थर सच्छिद्र असल्याने तेल धरून ठेवतो. त्याच रायफलीवरचे छोटे स्क्रू मात्र मोरपिशी निळे दिसतात आणि त्या निळ्याचे कारण अगदी वेगळे आहे. पॉलिश केलेले पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्यावर काही दशक नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा येतो. त्याच्या दोन पृष्ठांवरून परतलेल्या प्रकाशाच्या व्यतिकरणातून निळा उमटतो. प्रयोगशाळेत निर्वात कक्षातले पोलादी भाग तापवताना पिवळा, जांभळा, निळा हा क्रम मी कितीदा पाहिला आहे. एका वस्तूवर शेजारी शेजारी दोन रंग, एक द्रव्याचा आणि एक केवळ जाडीचा!

लाकडाच्या बाबतीत मात्र मला कार्यकारणाची बाजू सोडावी लागते. अक्रोड चिवट आहे, बेताचा हलका आहे, बारीक कोरकामात त्याच्या कडा तुटत नाहीत. काश्मीरचे कारागीर त्याच गुणांसाठी त्याला कोरतात. जवसाचे तेल हाताने चोळत गेले की हवेतील ऑक्सिजनमुळे तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि लाकडाच्या आतच एक बहुवारिक तयार होते. हे सगळे खरे. पण तेल पाण्याची वाफ पूर्ण अडवत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, किंचित वाकते, नळीवर दाब देते आणि गोळी पडण्याची जागा सरकते. काचतंतूंचा दस्ता हे काम निःसंशय अधिक चांगले करतो. तरीही त्याला कोणी अभिजात म्हणत नाही. इथे उपयुक्तता संपते आणि आठवण सुरू होते.

ती आठवण शब्दात पकडली गेली अमेरिकेत, आणि एका भांडणातून. कॅलिफोर्नियात रॉय वेदरबी यांनी १९४५ मध्ये आपली कंपनी काढली. त्यांच्या रायफली आरशासारख्या चकचकीत, गालाशी उंच कमान असलेल्या, जोडांमध्ये पांढऱ्या पट्ट्या भरलेल्या. युद्धोत्तर काळातील मोटारींसारखीच ती शैली होती आणि तिची लाट आली. १९६४ मध्ये विंचेस्टर कंपनीने खर्च वाचवण्यासाठी आपल्या प्रसिद्ध मॉडेल ७० मधून माउझर पद्धतीचा आकडा काढून टाकला आणि हाताने कोरलेल्या जाळीऐवजी साच्याने दाबलेली जाळी आणली. ग्राहक संतापले. '६४ पूर्वीची' ही बाजारातली प्रतवारीच होऊन बसली. मग १९६८ मध्ये बिल रूगर यांनी मॉडेल ७७ आणले: लेन ब्राउनेल यांनी रेखलेला सरळ दस्ता, तेलासारखा मंद पोत, पट्ट्या नाहीत, कमान नाही. शैली म्हणून 'क्लासिक' हा शब्द अशा वातावरणात पक्का झाला. रिग्बींच्या कारागिरांना आपण अभिजात काही घडवतो आहोत याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. विरोधासाठी समोर काही उभे राहिल्याशिवाय ते नाव पडत नाही.

आपल्याकडे या रूपाचा एक भाऊबंद आहे, पण त्याचे छायाचित्र कोणी भिंतीवर लावत नाही. ब्रिटिश सरकारने लष्करी ०.३०३ काडतूस सामान्य नागरिकांना वर्ज्य ठरवले होते, कारण चोरलेली काडतुसे बंडखोरांच्या कामी येतील ही भीती. याच भीतीपोटी ०.४५० च्या जाड काडतुसांवरही बंदी आली आणि लंडनच्या बंदूककारांना केवळ भारतासाठी ०.४६५, ०.४७० असे विचित्र आकडे शोधावे लागले. म्हणजे अभिजात शिकारी काडतुसांच्या यादीतील काही नावे चक्क आपल्या पारतंत्र्यातून निपजली आहेत. स्वातंत्र्यानंतरही लष्करी काडतुसांवरचे निर्बंध टिकले, आणि हुगळीकाठच्या ईशापूर कारखान्याने नागरिकांसाठी ०.३१५ ची रायफल दिली. तिची यंत्रणा ली-एन्फील्ड वंशाची, अडकवणारे कान मागच्या बाजूला, दस्ता जाड, रंग निस्तेज. शेताची राखण करणाऱ्यांनी आणि बँकांच्या पहारेकऱ्यांनी तिला पिढ्यान्‌पिढ्या वापरले. कामाच्या निकषावर ती उणी नाही. तिला घासायला, तेल चोळायला कोणाला महिनाभर वेळ दिला गेला नाही, एवढाच फरक.

आणि या सगळ्या देखणेपणाची जंगलात झालेली किंमतही आकड्यांत आहे. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ उरलेले आढळले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला, पुढच्या वर्षी १ एप्रिलला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. अचूक, खात्रीची, परवडणारी बोल्ट रायफल हे त्या ऱ्हासाचे एकमेव कारण नव्हते. जंगलतोड होती, विष होते, कातड्यांचा व्यापार होता. पण जे काम पूर्वी संस्थानिकाच्या लवाजम्याला लागे ते एका माणसाच्या आवाक्यात आणले ते या यंत्राने. कॉर्बेट यांना हे दिसले होते. पुढे त्यांनी वाघांचे चित्रण करण्यासाठी कॅमेरा हाती घेतला, आणि वाघ संपतील असा इशारा लिहून ठेवला. ज्या पुस्तकाने त्यांना जगभर नेले ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९४४ साली आपल्या मुंबईतून काढले.

त्याच प्रकाशनसंस्थेकडे पुढे ही रायफल गेली आणि कित्येक दशके तिथेच राहिली. २०१५ साली रिग्बी पेढीने ती परत मिळवली. कुमाऊंमधली भेट आटोपल्यावर ती लंडनला गेली, जिथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका जर्मन लष्करी यंत्रणेभोवती कोणा अनाम कारागिराने तिचा दस्ता कोरला होता.