बिस्मथ फेराइटचं आजोळ

१४ मार्च २००३ च्या ‘सायन्स’मध्ये बिस्मथ फेराइटच्या पातळ थरांवर एक निबंध आला. लेखक १४. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कॉलेजात मटेरियल सायन्स शिकवताना मी तो दरवर्षी वर्गात काढतो आणि पोरं दरवर्षी शेवटचं नाव आधी वाचतात: आर. रमेश. मद्रास विद्यापीठाचे बी.एस्सी. ‘सार, नम्म ऊरु!’ (सर, आपलं गाव!) असा गलका होतो, तो योग्यच आहे. मराठी माणसाची नजर मात्र मधेच अडखळते. पाचवं नाव एस. बी. ओगले, दहावं यू. व्ही. वाघमारे. वाघमाऱ्यांचं कोडं चटकन सुटतं. आयआयटी मुंबई, मग येलला कारिन रेब यांच्याकडे पीएच.डी.; रेबबाई याच यादीत बाराव्या. ओगल्यांचा धागा लांबचा निघाला. सतीशचंद्र ओगले मूळचे पुणे विद्यापीठाच्या फिजिक्स विभागातले, आणि तो धागा ओढत गेलं की माणूस थेट १९६५ सालात जाऊन पडतो.

वीज आणि चुंबकत्व एकत्र नांदवणाऱ्या अशा पदार्थांच्या शोधातले, सर्वांना ठाऊक असलेले टप्पे आधी उरकून घेऊ. विजेमुळे चुंबकत्व आणि चुंबकामुळे विद्युत ध्रुवीकरण होणारे स्फटिक असू शकतात, हे पिएर क्युरीने १८९४ साली निव्वळ सममितीच्या जोरावर सांगितलं. १९५९ मध्ये झ्यालोशिन्स्कीने क्रोमियम ऑक्साइडकडे बोट दाखवलं, पुढच्याच वर्षी आस्त्रोवने तो परिणाम मोजला. फारच क्षीण निघाला. २००० साली निकोला स्पाल्डिन (तेव्हा हिल) यांनी असे पदार्थ इतके दुर्मीळ का, याचा उलगडा केला. ध्रुवीकरण नेहमीच्या वाटेने यायचं तर धातूच्या अणूचं डी-कवच रिकामं लागतं, चुंबकत्वाला ते अर्धवट भरलेलं लागतं. एका अणूला दोन्ही जमत नाही. बिस्मथ फेराइटमध्ये कामांची वाटणी झालेली आहे: ध्रुवीकरण बिस्मथकडे, चुंबकत्व लोखंडाकडे. शिवाय त्याची चुंबकी रचना सुमारे ३७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते आणि विद्युत रचना ८३० पर्यंत, म्हणजे खोलीच्या तापमानाला दोन्ही शाबूत.

आता १९६५. त्या वर्षी ‘सॉलिड स्टेट कम्युनिकेशन्स’मध्ये व्ही. जी. भिडे आणि एम. एस. मुलतानी यांनी याच बिस्मथ फेराइटवरची मॉसबॉवर मोजमापं छापली. हे मोजमाप जवळून बघण्यासारखं आहे. कोबाल्ट-५७ हा स्रोत सेकंदाला जेमतेम काही मिलिमीटर वेगाने पुढेमागे हलवायचा, त्याचे गॅमा किरण नमुन्यावर सोडायचे आणि कुठल्या वेगाला ते लोखंडाच्या केंद्रकांत शोषले जातात ते नोंदवायचं. लोखंड चुंबकी शिस्तीत असेल तर आलेखात सहा खाचा पडतात. तापवून शिस्त मोडली की सहाचा पसारा आवरून मधोमध एकदोनच उरतात. त्याहून मोलाचं म्हणजे खाचांच्या जागेवरून लोखंडाने दोन इलेक्ट्रॉन गमावलेत की तीन, तेही कळतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्यावरूनच भांडण आहे.

त्याच १९६५ साली अमेरिकेत स्मिथ आणि टर्नर यांनी रूबी लेसरच्या झोताने पदार्थ उडवून निर्वातात त्याचा थर बसवून दाखवला. दोन्ही निबंधांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. पण बिस्मथ फेराइटच्या थराला लागणारे दोन्ही धागे, लोखंडाची पारख आणि लेसरचा झोत, एकाच वर्षी दोन खंडांत काढले गेले.

आणि मग १९८७. जानेवारीत ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये पुणे विद्यापीठाचा निबंध आला: पाण्यात बुडवलेल्या लोखंडावर लेसरचे झोत मारले की पृष्ठभागावर लोखंडाची ऑक्साइडं तयार होतात, आणि ती इतक्या झटपट थिजतात की एरवी न टिकणारी रूपंही हाती लागतात. लेखकांची नावं वाचताना पुण्यातल्या एखाद्या वाड्याच्या दारावरच्या पाट्या वाचल्यासारखं वाटतं: पाटील, फसे, कुलकर्णी, घैसास, पुन्हा कुलकर्णी, कानेटकर, ओगले. आणि शेवटी व्ही. जी. भिडे! बिस्मथ फेराइटच्या लोखंडाची नाडी बघणारा माणूस २२ वर्षांनी लेसरवाल्या ओगल्यांबरोबर एका निबंधात. द्रवात लेसर मारून पदार्थ घडवण्याचं जे तंत्र आज जगभर चालतं, त्याचा इतिहास सांगणारे बहुधा या निबंधापासून सुरुवात करतात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या बेलकोर प्रयोगशाळेतून वेंकटेशन आणि सहकाऱ्यांनी लेसरच्या झोताने अतिवाहकाचे थर घडवल्याचं जाहीर केलं, आणि १९६५ पासून अडगळीत पडलेलं तंत्र एकदम घरोघरी पोचलं. २००३ च्या थराचं नातं मी पुण्याशी जोडतो, तेव्हा इथे माझे विरोधक उभे राहतात, आणि त्यांचं म्हणणं वजनदार आहे. २००३ चा थर पाण्यात नव्हे, बेलकोरच्या वाटेने बनला. बिस्मथ फेराइटची वडी करायची, बिस्मथ उडून जातं म्हणून त्यात ते थोडं जास्तीचं घालायचं, समोर स्ट्रॉन्शियम टायटनेटची चकती साडेसहाशे-सातशे अंशांवर तापवून ठेवायची, भोवती अगदी विरळ ऑक्सिजन. लेसरचा एकेक ठोका पडला की वडीतून पेटत्या पिसासारखा लोळ उठतो आणि चकतीवर अणूंचा पातळ लेप बसतो. रमेशही बेलकोरमधूनच मेरीलँड विद्यापीठात आलेले, त्यांचं घराणं फेरोइलेक्ट्रिक मेमरीचं. मग पुण्याचं यात काय?

हा प्रश्न मला आवडीत राहून जरा जास्तच टोचतो. इथे पुष्कळजण सांगतात की आवडी म्हणजे ‘आर्मर्ड व्हेइकल्स अँड डेपो ऑफ इंडिया’ची आद्याक्षरं. पण रणगाड्यांचा कारखाना आला साठच्या दशकात, आणि समाजवादी समाजरचनेचा ठराव करणारं काँग्रेसचं अधिवेशन १९५५ सालीच याच नावाच्या गावात भरलं होतं. मग लोक दुसऱ्या महायुद्धातल्या डेपोकडे वळतात. हवी ती कुळी मागाहून अशीच जोडता येते, आणि मीही तेच करतोय असं कोणी म्हटलं तर मला राग येणार नाही.

तरी मी पुण्याला पितृकुल म्हणत नाही, आजोळ म्हणतो. कारण २००३ चा निबंध पुढे अडला तो लेसरवर नाही, लोखंडावर. त्यात दोन दावे होते. एक, ध्रुवीकरण दर चौरस सेंटिमीटरला ५० ते ६० मायक्रोकुलोम. १९७० साली स्फटिकावर मोजलेला आकडा होता ६.१. दोन, चुंबकत्वही ठोकळ्यातल्या पदार्थापेक्षा कितीतरी जास्त. ठोकळ्यात लोखंडाच्या चुंबकी दिशा ६२ नॅनोमीटरच्या फेऱ्यात फिरत जाऊन एकमेकांना खाऊन टाकतात. थर चकतीवर ताणून बसल्यामुळे तो फेरा मोडतो, अशी कल्पना.

पहिला दावा टिकला, पण गमतीदार रीतीने. २००७ मध्ये फ्रान्समध्ये चांगला स्फटिक वाढवला गेला, त्यात ध्रुवीकरण थराइतकंच निघालं. म्हणजे किमया थराच्या ताणाची नव्हतीच, जुने स्फटिक गळके होते. दुसऱ्या दाव्यावर २००५ साली केंब्रिजच्या एरेनस्टाइन, माथुर वगैरे मंडळींनी ‘सायन्स’मध्येच हरकत घेतली: आमच्या थरांत एवढं चुंबकत्व दिसत नाही, तुमच्याकडे दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड शिरलंय. मेरीलँडकरांनी उत्तर दिलं. त्याच वर्षी फ्रान्समधल्या बेया आणि सहकाऱ्यांनी अशा थरांत लोखंडाच्या ऑक्साइडचे परके कण पकडले आणि जास्तीचं चुंबकत्व त्यांच्या खात्यावर टाकलं.

म्हणजे सगळा वाद येऊन ठेपला तो थरात नेमकं कुठलं लोखंड आहे यावर. लेसरच्या झोतात लोखंडाची कुठकुठली ऑक्साइडं उगवतात, हा तर पुण्याचा १९८७ चा विषय! आणि बिस्मथ फेराइटमधलं लोखंड कुठल्या अवस्थेत आहे, हा भिड्यांचा १९६५ चा. ओगल्यांचं नाव त्या यादीत लेसरसाठी आलं की लोखंडासाठी? माझा कौल लोखंडाला.

चुंबकत्वाच्या बाबतीत बहुमत आज हरकतदारांच्या बाजूने आहे, आणि मीही. तरी २००३ च्या निबंधाचं मोल त्याने उतरत नाही. त्या एका निबंधामुळे अर्ध्या जगाने बिस्मथ फेराइट तापवायला घेतलं. ओगले पुढे पुण्यात परतले, आधी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, मग आयसरमध्ये. २०१४ साली ‘नेचर’मध्ये खरी कामगिरी छापून आली: बिस्मथ फेराइटच्या थरावर कोबाल्ट-लोखंडाचा पापुद्रा, आणि नुसत्या विजेच्या दाबाने, खोलीच्या तापमानाला, त्या पापुद्र्याचं चुंबकत्व १८० अंशांत उलटं. २००३ च्या यादीतले श्लोम आणि रमेश तिथेही आहेत, मराठी आडनाव एकही नाही. वर्गातली पोरं तोही निबंध शेवटच्या नावापासून वाचतात.