इंटरनेट कंपन्यांच्या समभागांचे मूल्यांकन अवघड का?

तळेगाव (श्यामजी पंत), जि. वर्धा : बहारावर आलेल्या संत्राबागेचा सौदा झाडावरची फळे पाहून करता येतो. नव्या लागवडीला फळे धरण्यास मात्र सुमारे पाच वर्षे लागतात. तोवर तिचे मोल अंदाजानेच ठरते. इंटरनेट कंपन्यांच्या समभागांची स्थिती या दुसऱ्या बागेसारखी असते.

रूढ मोजमाप का चालत नाही?
समभागाच्या किमतीला प्रति समभाग नफ्याने भागले की किंमत-उत्पन्न गुणोत्तर मिळते. तोट्यातील कंपनीला ते लागू पडत नाही. नफा अल्प असल्यास ते अवास्तव फुगते. मुंबईच्या 'नायका'ची नोव्हेंबर २०२१ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली, तेव्हा तिचे बाजारमूल्य एक लाख कोटी रुपयांवर गेले. २०२०-२१ चा नफा होता सुमारे ६२ कोटी. म्हणजे गुणोत्तर १६०० च्या घरात! २०२२ च्या अखेरीस, बोनस समभाग हिशेबात धरूनही, भाव मूळ विक्री किमतीखाली उतरला होता.

गृहीतकांचा खेळ
या कंपन्यांकडे जमीन, यंत्रसामग्री फारशी नसते. त्यामुळे ग्राहकसंख्येवरून भावी नफ्याचा अंदाज बांधला जातो. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य १२ टक्के दराने ३२ रुपये, तर १५ टक्के दराने अवघे २५ रुपये भरते. दरातील एवढ्याशा फरकाने मूल्य जवळपास एक-चतुर्थांशाने घटते.

दोन जुने दाखले
नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने राजेश जैन यांच्या 'इंडियावर्ल्ड'साठी ४९९ कोटी रुपयांचा सौदा केला. जून २००० मध्ये मुंबईच्या 'रेडिफ'ने अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात १२ डॉलर दराने समभागविक्री केली. २०१६ मध्ये 'रेडिफ' तेथून बाहेर पडली. २०२४ मध्ये तिचा ५४ टक्के हिस्सा इन्फिबीम अ‍ॅव्हेन्यूजने २५ कोटी रुपयांत घेण्याचे ठरवले.

गुंतवणूकदाराने काय पाहावे?
प्रत्येक ग्राहकामागे मिळकत किती, त्याला आणण्याचा खर्च किती आणि सवलती थांबल्यावर तो टिकेल काय, हे तपासावे. प्राथमिक समभागविक्रीच्या माहितीपत्रकात कामगिरीचे प्रमुख निर्देशांक देणे 'सेबी'ने २०२२ मध्ये बंधनकारक केले. भाव विचारण्यापूर्वी ती पाने वाचावीत.