कॉलेजचे नाव आणि कॉलेजचे दार

मंडळी, जून महिना आला की आपल्या एस.टी. स्थानकांवर एक प्रश्न हमखास कानी पडतो. मागे एकदा शहाद्याच्या स्थानकावर मी गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक शेतकरी गृहस्थ होते. बरोबर त्यांची बारावी झालेली मुलगी, तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली गुणपत्रिका. मी शाळामास्तर आहे हे कळल्यावर गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, कोनतं कॉलेज मोठं शे?"

मी विचारलं, "मोठं म्हणजे कसं?"

"जठे लवकर नंबर लागत नही ते."

आता ही व्याख्या काही त्या एकट्या गृहस्थांची नव्हे. शहरातली शिकलेली माणसेही हाच हिशेब करतात. ज्या कॉलेजात सहज शिरता येत नाही ते मोठे, आणि ज्यात कोणालाही शिरता येते ते लहान. पण आपल्या महाराष्ट्रात खासगी कॉलेजे निघाली ती कशासाठी, हे पाहू लागलो तर हा हिशेब उलटा पडतो. मुले बाहेर ठेवण्यासाठी ती निघाली नव्हती, आत घेण्यासाठी निघाली होती. मग दाराची अडचण हीच थोरवी कधी झाली? आज आपण एवढेच पाहू.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. दोनच वर्षांनी, १८५९ साली, पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. शंभरावर मुले बसली आणि जेमतेम वीस-बावीस उतरली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. म्हणजे त्या काळी मुलांना चाळून घेण्याचे काम कॉलेज करीतच नव्हते. चाळणी विद्यापीठाच्या हाती होती. मॅट्रिक झालेला मुलगा इतका दुर्मिळ, की त्याला कॉलेजने परत पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला अडवी होती ती फी, आणि घरापासूनचे अंतर.

मान होता तो सरकारी कॉलेजांना. मुंबईचे एल्फिन्स्टन आणि पुण्याचे डेक्कन. तिथे विलायतेहून आलेले प्राध्यापक, दगडी इमारती, सरकारचा पैसा. मिशनऱ्यांची विल्सन आणि सेंट झेवियर ही कॉलेजेही होती. या मोठ्या घरांच्या शेजारी १८८५ च्या जानेवारीत पुण्याला फर्ग्युसन कॉलेज निघाले. पाच वर्षांपूर्वी निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलच्याच मंडळींनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढली होती, आणि तिचे हे कॉलेज. टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे ही ती माणसे. आज आपण फर्ग्युसनचे नाव मोठ्या अदबीने घेतो. पण त्या दिवशी हे कॉलेज म्हणजे पुण्यातले धाकटे, गरीब भावंड होते. शिक्षण स्वस्त करावे, सुलभ करावे, हा संस्थापकांचा उघड बोलून दाखवलेला हेतू होता. आजीव सदस्य दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे काम करण्याचे वचन देत. त्यावरूनच आपसांत वादही झाले. बाहेरची मिळकत कितपत घ्यावी यावर मतभेद वाढत गेले आणि १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. टिळक गेल्यावर गणित शिकवायला १८९१ साली धोंडो केशव कर्वे आले. कोकणातल्या मुर्डीसारख्या खेड्यातून आलेले रघुनाथराव परांजपे याच कॉलेजात शिकले, केंब्रिजला १८९९ साली सीनियर रँग्लर झाले, आणि परत येऊन त्याच पंचाहत्तर रुपयांवर शिकवू लागले.

सांगायचं काय, की फर्ग्युसनचे नाव झाले ते कोणाला परत पाठवून नव्हे. शिकवणारी माणसे तशी होती, म्हणून नाव झाले. नाव झाले म्हणून मुले वाढली. मुले वाढली, बाके तेवढीच राहिली, म्हणून निवड आली. क्रम असा आहे. आपण मात्र शेवटची गोष्ट पहिली धरून बसलो.

अर्थात या चित्राला दुसरी बाजूही आहे, ती झाकून ठेवता येणार नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, आणि तो ज्यांच्या घामातून येतो त्या शेतकऱ्यांच्या मुलांना प्राथमिक शाळाही धड मिळत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पुण्याच्या कॉलेजाचे दार कितीही स्वस्त केले, तरी तिथवर पोहोचणारा मुलगा कोणत्या घरचा होता? हा प्रश्न फुल्यांनी फर्ग्युसन निघण्याच्या आधीच विचारून ठेवला होता.

आता आपल्या खानदेशाकडे वळू. नंदुरबारहून ताप्ती व्हॅली रेल्वे जाते. एका दिशेला सुरत, दुसऱ्या दिशेला दोंडाईचा, अमळनेर, जळगाव. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ही गाडी कापूस वाहत होती. मुलांना कॉलेजला न्यायचे म्हटले तर मात्र ती पुष्कळ लांब नेत असे. सुरतेला १९१८ साली कॉलेज निघाले, नाशिकला गोखले एज्युकेशन सोसायटीचे १९२४ साली. खानदेशाच्या स्वतःच्या भूमीवर कॉलेजे आली ती १९४५ साली, आणि एकाच वर्षी दोन: अमळनेरचे प्रताप कॉलेज आणि जळगावचे मूळजी जेठा कॉलेज.

या दोन नावांकडे जरा नीट पहा. प्रताप शेठ हे अमळनेरचे गिरणीमालक. मूळजी जेठा ही जळगावच्या कापडगिरणीची पेढी. म्हणजे खानदेशातल्या कापसाचे सूत झाले, सुताचे कापड झाले, आणि कापडाच्या पैशातला काही भाग कॉलेज होऊन इथेच राहिला. जिथे गिरणी होती तिथे कॉलेज आधी आले. नंदुरबार, तळोदा, शहादा या भागातून कापूस जात होता, पण त्याचे असे देणगीदार झालेले धन इथे साठले नव्हते. ज्या गावाने ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती तिरंग्यासाठी दिले, त्या गावच्या शाळकरी मुलांना त्या साली कॉलेजात जायचे तर जिल्हा सोडावा लागला असता. पुढे अमळनेर झाले तरी गाडीभाडे आणि खोलीभाडे होतेच.

याच सुमारास महाराष्ट्रात दुसऱ्याच जातीची दोन खासगी कॉलेजे निघाली. साताऱ्याला १९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. मुलाने श्रम करावेत, त्यातून शिकावे, पैसा नाही म्हणून कोणी परत जाऊ नये. औरंगाबादला १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज सुरू झाले, तेच पुढे मिलिंद कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाले. बाबासाहेब स्वतः बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले. उत्तम कॉलेज कसे असते हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी मराठवाड्यात कॉलेज काढले ते ज्यांना दुसरीकडे बाकच मिळाले नसते अशा मुलांसाठी. या दोन्ही ठिकाणी रुंद दार ही उणीव नव्हती, तोच उद्देश होता. आणि मिलिंदच्या आवारातून मराठी साहित्यात आणि सार्वजनिक जीवनात किती माणसे आली, हे इथे बसलेल्या शिक्षकांना मी काय सांगावे!

आपल्या भागात कॉलेजे आली ती ह्याच वाटेने, जरा उशिरा. साठच्या दशकात नंदुरबार तालुका विधायक समितीचे कॉलेज सुरू झाले, ते आज जी. टी. पाटील महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. शहाद्याला पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकाराने पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळ उभे राहिले. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, तेव्हा हे नाव इथे उपरे नाही. गिरणीमालकांची जागा आता गावच्या पुढाऱ्यांनी, सहकारातल्या माणसांनी, शेतकऱ्यांच्या वर्गणीने घेतली होती. त्याच सुमारास आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या घरच्या मुलांना राज्याने फीमाफी दिली होती, आणि आदिवासी विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती स्वातंत्र्यानंतर लगेच लागू झाली होती. दार गावात आले आणि फीही सुटली. मग मुलगा शिरला. मुलगी मात्र त्यामानाने उशिरा शिरली, हेही सांगितले पाहिजे.

हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातली साक्षरता चौसष्ट टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी, आणि शंभरातील जवळजवळ सत्तर माणसे आदिवासी. अशा जिल्ह्यात कॉलेजने दारावर नव्वद टक्क्यांची पाटी लावली तर आत कोण उरेल?

"खासगी" हा शब्द एकच राहिला, पण त्याचा अर्थ दोनदा बदलला. फर्ग्युसनच्या काळी खासगी म्हणजे सरकारी नव्हे ते, त्यागावर चाललेले. नंतर खासगी म्हणजे संस्थेचे, पण सरकारी अनुदानावर चालणारे. आणि १९८३ पासून तिसरा अर्थ आला. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. तोवर महाराष्ट्रातली मुले त्यासाठी कर्नाटकात जात होती, तेव्हा निर्णयामागे गरज होती, हे नाकारता येत नाही. खेड्यापाड्यांत अभियांत्रिकी कॉलेजे निघाली. शहाद्यातही निघाले. पण देणगीच्या नावाखाली जागा विकल्या जाऊ लागल्या. आता चाळणी ना विद्यापीठाच्या हाती, ना गुणांच्या. ती थैलीच्या हाती गेली. राज्याने १९८७ च्या सुमारास कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली मोहिनी जैन आणि १९९३ साली उन्नीकृष्णन या खटल्यांत त्यावर निवाडे दिले. २००२ च्या टी. एम. ए. पै निवाड्याने संस्थांना पुन्हा बरीच मोकळीक दिली, पण नफेखोरी चालणार नाही असे बजावले. आज व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश सामाईक परीक्षेतून होतात, आणि प्रवेश व फी यांवर नियंत्रण ठेवण्यासाठी राज्याचा २०१५ चा कायदा आहे.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडे गणित. एखाद्या कॉलेजात शंभर जागा आहेत आणि हजार अर्ज आले, असे समजू. आपण म्हणतो, दहात एकालाच प्रवेश, केवढे मोठे कॉलेज! पण ऑनलाइन अर्जात एकच मुलगा दहा कॉलेजांची नावे भरतो. तोच मुलगा दहा ठिकाणी मोजला जातो, आणि नऊ ठिकाणी "प्रवेश न मिळालेला" म्हणून कॉलेजची शान वाढवतो. शिवाय शेवटच्या मुलाचे टक्के सांगतात ते आत येणाऱ्या मुलांविषयी. आत आल्यावर त्याला काय शिकवले, हे ते सांगत नाहीत. नव्वद टक्क्यांच्या मुलाला पंच्याऐंशीवर बाहेर काढणारे कॉलेज आणि पन्नासच्या मुलाला सत्तरवर नेणारे कॉलेज, यांत काम कोणी जास्त केले? यादी पाहून हे कळत नाही. सरकारी क्रमवारीतही, म्हणजे २०१६ पासून निघणाऱ्या एन.आय.आर.एफ.मध्ये, शंभरातले काही गुण निव्वळ लोकांच्या मताला आहेत. म्हणजे नावाला नावाचेच गुण!

पण म्हणून रुंद दाराचे प्रत्येक कॉलेज चांगले, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कपाटांना कुलूप आणि कुलपाला गंज पाहिला आहे. नाव सांगत नाही. पटावर दोनशे मुले, वर्गात बारा. कित्येक विषयांना कायम शिक्षक नाही, तासिका तत्त्वावरचा एक तरुण तीन गावे फिरून शिकवतो. दार उघडे ठेवणे ही अर्धी गोष्ट झाली. भाऊरावांनी दार उघडे ठेवले, पण आत कामही घेतले.

त्या दिवशी स्थानकावर हे एवढे सगळे सांगायला वेळ नव्हता. मी त्या गृहस्थांना म्हटलं, "कॉलेजात जा आणि एवढंच विचारा. या विषयाला कायमचे शिक्षक किती? प्रयोग आठवड्यातून किती दिवस होतात? पहिल्या वर्षाला शंभर मुलं आली तर पदवी घेऊन बाहेर किती पडली?" गृहस्थ मान हलवत होते. मुलगी इतका वेळ गप्प होती. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, तिथे मुलींचं वसतिगृह आहे का? नाहीतर रोज दोन गाड्या बदलाव्या लागतील."

माझ्या तीन प्रश्नांत हा नव्हताच. मी पिशवीतून वही काढली, त्या कॉलेजातल्या ओळखीच्या एका शिक्षकांचा नंबर शोधला, आणि तिथूनच फोन लावला. वसतिगृह होते. जागा अठ्ठेचाळीस, आणि अर्जाला अजून चार दिवस होते.